पॉलिसी आहे, मग दवाखान्याचे बिल कोण भरणार?

गेल्या वर्षभरात आमच्या कोपर भागात विमा विकणाऱ्यांची वर्दळ फार वाढली आहे. रविवारी सकाळी पुरुष मंडळी घरी असतात, ती वेळ साधून कोणीतरी दार ठोठावतो. बँकेत पासबुक भरायला जावे तर काउंटरवरूनही एखादा फॉर्म पुढे सरकवला जातो. विकणाऱ्यांत आपलीच शिकलेली मुलेमुली आहेत. ती पोटासाठी हे करतात, त्यांना बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ‘वर्षाला एवढेसे भरा, दवाखान्याची काळजी मिटली’ हे जे वाक्य सर्रास कानावर येते, ते खरे नाही. घरात पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहिलेले कुटुंब आजारपणात मंगळसूत्र गहाण ठेवताना आम्ही पाहिले आहे, आणि असे कुटुंब एकच नाही. म्हणून या आठवड्यात पुरवणी विमा आणि पूर्ण आरोग्य विमा यांतला फरक वाचकांपुढे, विशेषतः घरखर्च सांभाळणाऱ्या भगिनींपुढे मांडत आहोत.

जेवणाच्या ताटात भाकरी-कालवण असते आणि कडेला लोणच्याची एखादी फोड असते. पुरवणी विमा ही ती फोड आहे. भाकरी असेल तर तिची चव लागते. नुसत्या लोणच्यावर कोणाचे पोट भरत नाही. हे एजंटालाही ठाऊक असते, पण लोणचे स्वस्त असल्याने ते लवकर विकले जाते.

पॉलिसी कोणतीही असो, पहिला प्रश्न एकच विचारावा: हा विमा दवाखान्याचे बिल भरतो, की ठरलेली रक्कम हातावर ठेवतो? बिल भरणारा असेल तर खोलीचे भाडे, डॉक्टरची फी, ऑपरेशन, औषधे, तपासण्या हे सारे विम्याच्या मर्यादेपर्यंत त्यात येते. ठरलेली रक्कम देणारा असेल तर बिल दहा हजार होवो की तीन लाख, कागदावर जो आकडा आहे तेवढाच मिळतो. बाकीचे तुमचे तुम्ही पाहायचे.

आमच्याकडे वाचायला आलेल्या कागदांत सर्वात जास्त निघाली ती रोज भत्ता देणारी पॉलिसी. दवाखान्यात दाखल झाल्यावर दर दिवशी हजार रुपये, अतिदक्षता विभागात असल्यास दुप्पट, असे त्यात असते. बारीक अक्षरांत पुढे असे असते की, किमान चोवीस तास दाखल असले पाहिजे, पहिला दिवस धरायचा नाही, वर्षात ठराविक दिवसांपलीकडे द्यायचे नाही. समजा पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाले, पाच दिवस राहावे लागले आणि बिल साठ हजार आले. पहिला दिवस वजा जाता चार दिवसांचे चार हजार मिळतील. छप्पन्न हजार उरतात. डायलिसिसचा रोगी तर सकाळी जातो आणि दुपारी घरी येतो. चोवीस तास होतच नाहीत, त्यामुळे आठवड्यातून तीनदा गेला तरी भत्ता शून्य.

दुसरा प्रकार गंभीर आजारांच्या पॉलिसीचा. कॅन्सर, हृदयविकार, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी होणे अशा आजारांचे निदान झाले की एकरकमी पैसे मिळतात. ऐकायला हे फार चांगले वाटते आणि काही घरांना त्याचा उपयोगही झाला आहे. मात्र प्रत्येक आजाराची व्याख्या तेथे छापलेली असते. कॅन्सर अगदी पहिल्या पायरीवर, जागच्या जागी असताना सापडला तर तो व्याख्येत बसत नाही. अर्धांगवायूचे परिणाम कायमचे असून ते तीन महिन्यांहून अधिक टिकले याचा पुरावा द्यावा लागतो. बायपास म्हणजे छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया. हल्ली आपल्या लोकांची जी अँजिओप्लास्टी होते, ती त्यात मोडत नाही. पॉलिसी घेतल्यापासूनचे पहिले नव्वद दिवस बहुधा काहीच मिळत नाही, आणि निदानानंतर रोगी ठराविक दिवस, बहुतेक ठिकाणी तीस, जगला पाहिजे अशीही अट असते. यादीबाहेरचे आजार म्हणजे डेंग्यू, कावीळ, हर्निया, अपेंडिक्स, हाड मोडणे. आपल्या घरी येणारी आजारपणे बहुतेक याच जातीची असतात.

तिसरा प्रकार बँकेतला. २०१५ साली केंद्र सरकारने दोन योजना आणल्या. सुरक्षा विम्याला वर्षाला वीस रुपये आणि जीवनज्योतीला चारशे छत्तीस रुपये खात्यातून आपोआप कापले जातात (हे दर १ जून २०२२ पासूनचे आहेत, पूर्वी ते कमी होते). या जरूर घ्याव्यात, वीस रुपयांत याहून अधिक कोणी देणार नाही. पण त्या कशाच्या आहेत ते समजून घ्यावे. सुरक्षा विमा अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात-पाय गेल्यास दोन लाख देतो, एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेल्यास एक लाख देतो. पाय मोडला, सळई बसवली, तीन महिने घरी बसावे लागले, तर एक पैसाही नाही. जीवनज्योती तर माणूस गेल्यावरच मिळते. एका भगिनीने खात्यातून पैसे कापल्याची नोंद दाखवून आम्हाला विचारले होते की, यावर सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होईल का. प्रश्न भाबडा नव्हता. तिला सांगताना ‘विमा’ एवढा एकच शब्द सांगितला गेला होता.

चौथ्या प्रकाराला टॉप-अप म्हणतात आणि आमच्या मते फसगत होते ती येथे जास्त. ‘दहा लाखांची पॉलिसी, हप्ता किती कमी पाहा’ असे सांगितले जाते. हप्ता कमी का, तर पहिले पाच लाख रुपये रोग्याने किंवा त्याच्या दुसऱ्या विम्याने भरायचे, त्यावरचा खर्च कंपनी देणार. ज्याच्याकडे पाच लाखांचा पहिला विमा आहे त्याला ही पॉलिसी उत्तम. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्या दीड लाखाच्या बिलाला ती हातही लावणार नाही.

हे सारे विमे टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई आठ दिवस दवाखान्यात पडली तर आठ दिवसांची मजुरी बुडते, घरभाडे आणि शाळेची फी मात्र थांबत नाही. रोज भत्त्याचा खरा उपयोग या बुडालेल्या मजुरीसाठी आहे. औषधपाण्याची सोय आधी दुसरीकडे झालेली असेल तर तो भत्ता घर सावरतो.

मग पूर्ण विमा कोणता? ऐपत असेल त्याच्यासाठी मेडिक्लेम आहे. आपल्या देशात तो १९८६ पासून सरकारी विमा कंपन्यांनी सुरू केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढून टाकला आहे, तेवढा भार हलका झाला. मेडिक्लेममध्येही खाचाखोचा आहेत. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून मधुमेह, रक्तदाब लपवू नये, फॉर्मवर स्वच्छ लिहावे. खोलीच्या भाड्यालाही अनेक पॉलिसींत मर्यादा असते. दोन हजारांच्या खोलीचा हक्क असताना चार हजारांची खोली घेतली तर फक्त वरचे दोन हजार कापून कंपनी थांबत नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर यांचेही पैसे त्याच प्रमाणात कापते. दाखल होतानाच खोलीची चौकशी करावी. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हेही थोड्यांना ठाऊक आहे. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून घ्या असे सांगितले. आपण देवधर्म, गंडेदोरे सोडले, पण छापील कागदावर मात्र डोळे मिटून सही करतो.

ज्याला मेडिक्लेमचा हप्ता झेपत नाही, त्याच्यासाठी आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे सर्व राज्यात आली आणि २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळे, केशरी रेशनकार्ड पाहिले जाई. १ जुलै २०२४ पासून ती मर्यादा पाच लाख झाली आणि राज्यातील सर्व कुटुंबे तीत आली. हप्ता भरावा लागत नाही. हा बिल भरणारा विमा आहे. ऑपरेशन, तपासण्या, औषधे, दाखल असतानाचे जेवण, इतकेच काय, घरी परतण्याचे एस.टी. किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही त्यात धरले आहे.

अडचणी आहेत. उपचार यादीतला हवा, रुग्णालय योजनेतले हवे आणि साधा ताप-खोकला, दवाखान्यातून रोज आणायच्या गोळ्या त्यात येत नाहीत. कोपरहून आपली माणसे शास्त्रीनगरच्या पालिका रुग्णालयात, कळव्याला, नाहीतर थेट शीवला जातात. आजारी माणसाला गाडीत घालण्यापूर्वी १५५३८८ या क्रमांकावर फोन करून आपला उपचार योजनेत कुठे होतो ते विचारावे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाण्याआधी त्याच्याकडे जावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर हवे. रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवलेले नाही, नातवाचे नाही, ही आपल्या घरातली नेहमीची गोष्ट. ते काम आजारपण येण्याआधी करून ठेवायचे असते.

आता कामगारांच्या हक्काच्या विम्याकडे वळू. त्याबद्दल लिहिताना हात आखडता घेववत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या खात्याने १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कारखान्यांतील मजुरांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. १९४४ साली अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कायदा झाला तेव्हा मजूर मंत्री बाबू जगजीवनराम होते, हे सांगितले पाहिजे. पण पाया घातला गेला तो बाबासाहेबांच्या खात्यात. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतीच्या काळात गिरणीतल्या बाईला पगार मिळाला पाहिजे म्हणून ते उभे राहिले होते, त्याच विचाराची ही पुढची पायरी. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीपासून योजना सुरू झाली. आज ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली गेली आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कायद्याचे नाव बदलले तरी योजना चालू आहे.

हिशेब साधा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी ही योजना लागू होते. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून एकवीस हजार केली गेली. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के असे दर ठरले. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे एकशे साडेबारा रुपये कापले जातात, मालक चारशे साडेसत्याऐंशी घालतो. महिना सहाशे रुपयांत नवरा-बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचे औषधोपचार होतात, आणि उपचारावरच्या खर्चाला रकमेची मर्यादा नाही. जुना आजार आहे का, वय किती, असे कोणी विचारत नाही. आजारपणात वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, बाळंतपणात सव्वीस आठवडे पूर्ण पगार मिळतो. म्हणजे बिल भरणारा विमा आणि मजुरी भरून देणारा विमा, दोन्ही एकाच कापणीत. बाजारातला कोणताही एजंट हे विकू शकत नाही.

कामगार विम्याच्या दवाखान्यात रांगा असतात, औषध बाहेरून आणायला सांगतात, ही तक्रार खोटी नाही. उल्हासनगर, वागळे इस्टेट, मुलुंड येथे या योजनेची रुग्णालये आहेत, पण दिवसाचा रोज बुडवून तेथे जाणे परवडत नाही असे आपले लोक म्हणतात. आमचे म्हणणे असे की, रांग आहे म्हणून हक्क सोडायचा झाला तर रेशनही सोडावे लागेल. मोठे आजारपण येते तेव्हा याच कार्डाचा आधार असतो.

अपघाताचे उदाहरण घेऊ. डोंबिवली एम.आय.डी.सी. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तेथील कारखान्यांत झालेले स्फोट कोपरकर विसरलेले नाहीत. असा कामगार कामावर दगावला तर वीस रुपयांच्या विम्याचे दोन लाख मिळतील, एकदाच. कामगार विम्यात मात्र पगाराच्या नव्वद टक्के रक्कम दरमहा त्याच्या विधवा पत्नीला आणि मुलांना वाटून मिळते. पंधरा हजारांच्या पगारावर ती साडेतेरा हजार होते. दोन लाख रुपये साडेतेरा हजारांनी भागून पाहा. पंधरा महिनेही पुरत नाहीत. इकडे पत्नीला पुनर्विवाह करीपर्यंत किंवा हयातभर तिचा वाटा मिळत राहतो. कामावरच्या अपघाताला किती महिने हप्ता भरला होता याची अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो.

लोकलने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध सिद्ध झाला तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचा अपघात धरला जातो. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडून दगावले. सकाळची जलद गाडी डोंबिवलीलाच भरून येते, मग दिव्याच्या आधी काय अवस्था असते ते आपण रोज भोगतो. अशा वेळी रेल्वेकडून मिळणारी भरपाई वेगळी आहे. मृत्यूस ती १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाली, आणि तिच्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पास किंवा तिकीट असले पाहिजे. महिन्याचा पास संपला की दोन दिवस तसेच जाणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. रिझर्व्हेशनच्या तिकिटाबरोबर काही पैशांत मिळणारा प्रवास विमा लोकलला लागू नाही.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. गेल्या काही महिन्यांत कंत्राटी कामावरची मुले आमच्याकडे एक कार्ड घेऊन येतात. ठेकेदाराने सगळ्यांचा विमा काढला आहे, असे ती सांगतात. पाहावे तर तो सामुदायिक अपघात विमा असतो. पगाराच्या चिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात नाही, कित्येकांना चिठ्ठीच नाही. ठेकेदाराने भाकरी काढून घेतली आणि लोणचे वाढले, वर मुलगा खूश, कारण महिन्याचे शे-सव्वाशे कापले जात नाहीत. ठेकेदाराचे त्या मुलामागे चारशे साडेसत्याऐंशी रुपये वाचतात. कायद्याने अपघात विम्याचे कार्ड हे कामगार विम्याला पर्याय होत नाही. ठेकेदाराने भरणा केला नाही तर ज्या कंपनीत काम चालते त्या मूळ मालकावर जबाबदारी येते.

म्हणून प्रत्येक घरात पुढच्या पगाराला चिठ्ठी काढून पाहावी. ई.एस.आय.चा दहा आकडी विमा क्रमांक आहे का, असल्यास बायकोमुलांची आणि आईवडिलांची नावे त्यावर चढवली आहेत का, आणि दरमहा भरणा होतो का हे मोबाईलवरच्या उमंग ॲपमध्ये दिसते. शाळेत जाणारी मुलगीही ते काढून देईल. कपात होते पण भरणा दिसत नाही, असे असेल तर पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीकार्ड, गेटपास, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. कोणी एकट्याने ठेकेदाराशी वाद घालू नये, पाच-दहा जणांनी मिळून लेखी अर्ज करावा. असा अर्ज विमा महामंडळाच्या कार्यालयात कोणत्या मुद्द्यांवर करायचा आणि सोबत कोणते कागद जोडायचे, ते पुढील अंकात.